पाकाची कपची

माझ्या तोंडात सगळे दात आहेत आणि ते सगळे माझे स्वतःचे आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच पेटलं.

मी गोळ्या बनवते. औषधाच्या नव्हे, चोखायच्या. लिंबाच्या, संत्र्याच्या, पुदिन्याच्या. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासऱ्यांनी मला पाकाच्या पातेल्यासमोर उभं केलं, ती अजून तिथंच उभी आहे. सासरे गेले, नवरा गेला, पातेलं आहे. पुढं दुकान आणि मागं कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक लांबलचक खोली, तिच्यात दोन शेगड्या, पाक ओतायला दगडी ओटा, पाक ओढायला भिंतीत ठोकलेला आकडा, आणि गोळ्या कागदात गुंडाळायचं टेबल. जमीन कितीही पुसा, चप्पल चिकटतेच.

पाक तयार झाला की नाही हे बघायची आमच्या घराची एकच रीत. पळीनं थेंब उचलायचा, थंड पाण्यात सोडायचा, गोठला की काढून दाताखाली धरायचा. दाताला चिकटला तर कच्चा, कटकन तुटला तर पक्का. बाजारात थर्मामीटर मिळतो, पण त्याला दात नाहीत. मी चावते, अंदाज घेते, थुंकते, चूळ भरते आणि पातेलं खाली उतरवते. तुटलेली दुसरी अर्धी कपची हातात राहते, ती भिंगरीच्या तोंडात.

भिंगरी म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. अजून पहिलीतसुद्धा नाही, पण तोंड वकिलाचं. तिची आई नोकरीला, बाप गाडीवर दौऱ्याला, म्हणून शाळा सुटली की तिला मी आणायची आणि संध्याकाळपर्यंत ती माझ्याकडं. टेबलाखाली बसून कागदाची घरं बांधायची, मला हुकूम सोडायची, आणि पाण्यात थेंब पडल्याचा चुर्र आवाज आला की चोच उघडून हजर. मी काही तिला मूठभर गोळ्या देत नव्हते हो! एका पातेल्याला एक कपची. नखाएवढी.

तर या भिंगरीचे दात किडले. पुढचे काळे पडले होतेच, आम्ही म्हणत होतो दुधाचे आहेत, पडतील. मग गाल सुजला, पोर रात्रभर कळवळली, आणि दंतमहाविद्यालयाच्या दवाखान्यात नेल्यावर कळलं की मागच्या दाढा आतून पोखरून गेल्यात. चार दात काढले. एवढ्याशा तोंडातले चार.

तिथल्या व्हरांड्यातच माझी मुलगी माझ्याकडं वळली. डोळे लाल, पण आवाज एकदम थंड. हिचा आवाज थंड झाला की मला धडकी भरते, कारण मग ती ऐकत नाही, बापावर गेलीय.

"आई, आजपासून भिंगरी दुकानात येणार नाही."

"म्हणजे? मग दुपारी कुठं राहील?"

"सासूबाईंकडं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सासूबाई म्हणजे माझ्या विहीणबाई. बाई स्वभावानं वाईट नाहीत, पण त्यांच्या तोंडात स्वतःचे दात बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळे बसवलेले. आणि त्या पोरीला भरवताना प्रत्येक घास आधी स्वतःच्या ओठाला लावून बघतात, गरम आहे का म्हणून. मी डोळ्यांनी बघितलंय.

"मी जन्मभर साखरेत उभी आहे, माझा एक तरी दात किडलाय का?" मी ओरडले. "साखरेनं किडत असते तर आधी माझे नसते किडले? हा तुझ्या सासूच्या तोंडाचा प्रसाद आहे! उष्टं भरवतात त्या!"

"आणि तू काय भरवतेस?" ती म्हणाली.

तेवढ्यात पांढरा कोट घातलेली एक पोरगी आमच्याशेजारून जाता जाता थबकली आणि थेट माझ्या तोंडात बघायला लागली.

"आजी, जरा आ करता?"

"भांडतेय मी, दिसत नाही?"

"भांडा ना. पण मोठा आ करून भांडा."

ही दातवाली. नाव तिनं सांगितलं होतं, पण मी पहिल्या दिवसापासून दातवालीच म्हणत आले आणि तीही ओ देत आली. ती तिथं शिकवायची आणि दातांवरच्या जंतूंचा अभ्यास करायची. माझं तोंड तिनं बॅटरी लावून असं बघितलं की जणू आत कुणी हरवलंय. मग म्हणाली, "दिवसभर पाक चावता आणि एकसुद्धा खड्डा नाही? आजी, मला तुमच्या दातांवरचं कीटण द्याल का? खरवडून?"

आता ऐंशीकडं झुकलेल्या बाईकडं लोक आशीर्वाद मागतात, ही दातावरची घाण मागत होती!

मग तिनं समजावलं. दातांवर तो पिवळट चिकट थर जमतो ना, ती जंतूंची वस्ती असते. शेकडो जाती एकमेकांना खेटून राहतात आणि जागेसाठी, खाण्यासाठी रोज मारामाऱ्या करतात. काही जण साखर खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लानं दात विरघळत जातो. काही जण त्यांना पाय ठेवू देत नाहीत, जखम धुवायचं औषध असतं ना, तसलं काहीतरी अंगातून सोडून त्यांना मारतात. "चोर आणि पोलीस म्हणा हवं तर," ती म्हणाली. "तुमच्या तोंडातले पोलीस जबरदस्त असणार."

"आणि हे चोर जन्मतः तोंडात असतात?"

"छे. बाळाला दात येतात तेव्हा आसपासच्या माणसांच्या तोंडातून येतात. चमच्यातून, उष्ट्यातून."

बस्स. मला हेच हवं होतं. मी मुलीकडं असं बघितलं की तिनं मान फिरवली. मग मी दातवालीचा हात धरला. "हे बघ, माझं तोंड तुला दिलं. काय खरवडायचं ते खरवड. पण बदल्यात माझं एक काम करायचं. माझ्या नातीच्या तोंडात चोर कुणी सोडले, त्याचा छडा लावायचा. माझं, हिचं, हिच्या सासूचं, सगळ्यांचं कीटण घे."

दातवाली जरा घुटमळली. पण माझी मुलगी लगेच म्हणाली, "चालेल. माझी काही हरकत नाही." कारण तिला खात्री होती की माझेच निघणार. आणि मला खात्री होती की विहीणबाईंचे. विहीणबाई तयार झाल्या, कारण त्यांनाही खात्री होती. कुणाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही.

दातवालीनं आम्हाला बजावून ठेवलं होतं. दोन दिवस दात घासायचे नाहीत, म्हणजे वस्ती जशीच्या तशी मिळेल. दोन दिवस मी कळ काढली. गिऱ्हाईक आलं की तोंडावर पदर धरून बोलत होते. पण जायच्या दिवशी सकाळी मनाला काही केल्या पटेना. अहो, डॉक्टरच्या दारात न धुतल्या तोंडानं जायचं? आई-बापांनी हेच शिकवलं का? एकदाच, हळूच, म्हणत मी मीठ घेतलं आणि असे खसाखसा घासले की हिरड्या हुळहुळल्या.

दातवालीनं माझ्या दातांवरून काडी फिरवली. पुन्हा फिरवली. मग काडी उजेडात धरून म्हणाली, "आजी, खरं सांगा."

मी आढ्याकडं बघायला लागले. शेजारच्या खुर्चीवर विहीणबाई बसल्या होत्या, त्या एकदम म्हणाल्या, "मीसुद्धा घासले हो. दोनदा." त्यांचा चेहरा बघून मला इतकं हसू फुटलं, आणि त्यांनाही, की आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून हसत सुटलो. लग्नाच्या बोलण्यांपासून आजवर आम्ही दोघी एकत्र कधी हसलो नव्हतो. माझी मुलगी तेवढी कपाळाला हात लावून बसली होती. तिनं सांगितल्याप्रमाणं सगळं नीट केलं होतं, नेहमीसारखं.

पुन्हा दोन दिवस. या खेपेला मी मीठ शेजारणीकडं ठेवायला दिलं.

निकालाला बरेच दिवस लागले. तोवर दुपारी कारखान्यात मी एकटी. थेंब पाण्यात पडला की मी सवयीनं अर्धी कपची टेबलाखाली धरायची आणि तिथं कुणी नसायचं. खोटं कशाला बोलू, एकदा तर मी तिथंच बसून रडले आणि पाक करपवला. पण मनाशी पक्कं ठरवलं होतं की माझं तोंड निर्दोष ठरवायचं आणि पोरीला परत आणायचं. मुलीला फोनवर सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या. ती एवढंच म्हणायची, "निकाल येऊ दे."

निकालाच्या दिवशी दातवालीनं आम्हा तिघींना तिच्या खोलीत बसवलं. खोलीत एक कपाट गुणगुणत होतं आणि टेबलावर काचेच्या चपट्या बश्या होत्या, त्यांच्यात तांबडी जेली आणि जेलीवर ठिपके. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"सांग," मी म्हणाले. "चोर कुणाचे?"

"सगळ्यांचे," दातवाली म्हणाली.

"असं कसं? काहीतरी कमी-जास्त असेल ना!"

"आजी, भिंगरीच्या तोंडात तुमच्याकडचे आहेत, आईकडचे आहेत, दुसऱ्या आजीकडचेही आहेत. आणि नुसते चोर नाहीत, पोलीसही. तुमचे ते जबरदस्त पोलीस, तेही तिच्याकडं पोचलेत. प्रेमानं भरवणाऱ्या घरात हे असंच होतं. कुणी काय दिलं यावर तुमचं भांडण चाललंय, पण ते भांडणच चुकीचं आहे."

मग तिनं दोन बश्या पुढं सरकवल्या. "दोन्हीत तुमच्याच तोंडातले जंतू आहेत. सारखेच चोर, सारखेच पोलीस. ही बघा पहिली." तिच्यात पोलिसांचे ठिपके पसरले होते आणि चोर एका कोपऱ्यात अंग चोरून होते. "आता दुसरी." दुसरीत पोलीस जवळजवळ दिसतच नव्हते. सगळीकडं चोरच चोर, दाटीवाटीनं.

"हिच्यात काय केलंस?"

"काही नाही. दिवसातून अनेकदा थोडी थोडी साखर सोडली. प्रत्येक वेळी चोर आम्ल सोडतात. आम्लात त्यांना काही होत नाही, पोलीस गुदमरतात. ते सावरायच्या आत पुन्हा साखर."

तरी मी नेट धरला. "मग माझ्या तोंडात का नाही झालं असं? मी तर दिवसभर—"

"तुम्ही चावल्यावर काय करता?"

"थुंकते. चूळ भरते."

"म्हणजे तुम्ही साखर खात नाही आजी. तुम्ही साखर तपासता. खात होती ती." तिचा आवाज मऊ होता, आणि त्यानंच मला जास्त लागलं. "मूठभर गोळ्या एकदाच खाऊन तिनं तोंड धुतलं असतं तर इतकं बिघडलं नसतं. पण एक कपची, मग अर्ध्या तासानं दुसरी, मग तिसरी, रोज, दुपारभर. पोलीस आणि चोर दोघंही तुम्ही तिला दिलेत. जेवण मात्र फक्त चोरांना घातलंत."

माझी मुलगी मला टोमणा मारील अशी मी वाट बघत होते, पण ती त्या दुसऱ्या बशीकडंच बघत होती. विहीणबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो झटकला नाही.

"आता काय?" मी विचारलं. "सगळं संपलं का?"

"संपलं कुठं! तिची पहिली कायमची दाढ येऊ घातलीय. हिरडी फुगलीय मागं. नवी कोरी दाढ म्हणजे मोकळी जागा, आधी जो बसला त्याची. चोरांचं जेवण बंद केलं, रोज नीट घासले, तर तिथं पोलीस बसतील."

बाहेर आल्यावर मी मुलीसमोर उभी राहिले. "माझं चुकलं. पण पोरगी मला परत दे. माझ्याकडं तिला कपचीसुद्धा मिळणार नाही."

तिनं मान हलवली. "आई, तुला जमणार नाही. मला माहीत आहे ना. मी लहान असताना तापात पथ्य सांगितलं होतं, तेव्हा मी रडले की तू काय करायचीस? तुला नाही म्हणताच येत नाही. आणि ती तुझ्याकडं येऊन बसणार कुठं? गोळ्यांच्या मधोमध."

"मला नाही म्हणता येत नाही?"

"नाही."

"मग ये उद्या तिला घेऊन. स्वतः बसून बघ."

ती खरंच आली. अर्धी रजा टाकून, ऑफिसच्या कपड्यांत, गुंडाळायच्या टेबलाशी स्टूल ओढून बसली. भिंगरी दारातूनच धावत आली, माझ्या पोटाला मिठी मारली, मग टेबलाखाली जाऊन आपली कागदाची घरं जागेवर आहेत का ते बघितलं. होती. मी एकही हलवलं नव्हतं.

मी साखर चढवली. पातेल्याच्या कडा ओल्या फडक्यानं पुसल्या. पाक उकळायला लागला. थेंब सोडला. चुर्र झालं. भिंगरी आली, तोंड उघडून उभी राहिली. चार दात गेलेलं ते तोंड.

मी चावले. पक्का होता. थुंकले, चूळ भरली, आणि उरलेली कपची कचऱ्यात टाकली.

"माझी?" ती म्हणाली.

"नाही."

तिला वाटलं मी गंमत करतेय, म्हणून ती हसली. "दे ना आजी."

"नाही म्हटलं ना. आता कधीच नाही. तुझ्या दातांसाठी."

आधी तिनं लाडीगोडी केली. मग हुकूम सोडला. मग रुसून पाठ फिरवली. पाक दगडावर ओतून मी उलथन्यानं दुमडत होते, तोवर तिनं भोकाड पसरलं. असं की समोरचा चांभार डोकावून गेला. ती जमिनीवर लोळली, केसांना साखर चिकटली, हुंदक्यांनी श्वास अडकायला लागला. मी पाक आकड्याला टाकून ओढत राहिले. पाक थांबत नाही, हातात थंड झाला की दगड होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"तू वाईट आजी आहेस!" ती किंचाळली. "मला ती आजी आवडते! तू नाही!"

तेव्हा स्टुलावरून माझी मुलगी उठली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "आई," ती हळूच म्हणाली, "दे ना एक. एकच. बघवत नाही गं."

मी गर्रकन वळले. "गप बस तू! आणि खाली बस!"

ती बसली. शप्पथ सांगते, लहानपणी कधी माझं ऐकून अशी बसली नसेल.

मी आकड्यावरचा पाक उतरवला, त्याची दोरी वळली, गोळ्या पाडायच्या यंत्रात घातली. लिंबाच्या गोळ्या टपाटप ताटात पडत राहिल्या आणि त्या आवाजात भिंगरीचं रडणं हळूहळू विझलं. शेवटी ती उठली, आईचं बोट धरलं आणि दाराकडं निघाली. माझ्याकडं बघितलं नाही. "मी इथं परत कधीच येणार नाही," असं आईला म्हणाली, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

म्हटलं, झालं. एवढं सगळं करून हात रिकामेच राहिले.

माझी मुलगी दारात थांबली. मागं न बघता म्हणाली, "उद्या माझी मीटिंग आहे. शाळेतून तूच आण तिला."

मी नुसती मान हलवली, तीही तिला दिसली नसणार.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मी वेळेच्या खूप आधी जाऊन उभी राहिले. पोरांचा लोंढा बाहेर आला, त्यात ती. मला बघितलं आणि तोंड फिरवलं. मी जागची हलले नाही, हाकही मारली नाही. ती ताठ मानेनं माझ्या अंगावरून पुढं गेली. चार पावलं गेल्यावर तिनं दप्तर खांद्यावरून काढलं आणि मागं न बघताच हात लांब करून धरून ठेवलं. मी ते घेतलं आणि तिच्यामागून चालायला लागले.